मागे राहिलेली चूल : मराठी साहित्यातील वृद्ध शेतमजूर

मराठी ग्रामीण साहित्याची चर्चा करताना ‘शेतकरी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. बागाईतदार, कोरडवाहू जमिनीचा धनी, कूळ, वाटेकरी, सालगडी आणि रोजाने खुरपायला जाणारी बाई ही सारी माणसे त्या एका शब्दात कोंबली जातात आणि समीक्षा ‘मातीशी असलेले नाते’ सांगून पुढे निघून जाते. ज्याच्या मालकीची माती नाही, त्याचे मातीशी नाते कोणते, हा प्रश्न मग उपस्थितच होत नाही. मजूर म्हातारा झाला की हा सैलपणा अधिक खटकतो. जमीन असलेल्या म्हाताऱ्याजवळ मुलांना धाकात ठेवील असे काहीतरी असते. सात-बाराच्या उताऱ्यावरचे नाव हे त्याचे अखेरचे शस्त्र असते. ज्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नाही असा म्हातारा किंवा अशी म्हातारी गावाच्या कडेला, कुडाच्या एका खोलीत आपली चूल आपण पेटवून राहते, तेव्हा ती नेमके काय राखत असते? मराठी साहित्याने ह्या प्रश्नाकडे कसे पाहिले, आणि मुख्य म्हणजे कोठे उभे राहून पाहिले, हे तपासण्याजोगे आहे.

म्हातारपणाचे जे चित्र मराठी मनात सर्वांत खोल रुजले आहे ते वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चे (१९७०). गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांच्या ओंजळीत घालतात आणि मग घराला पारखे होतात. ह्या शोकात्मिकेची सगळी मांडणी ‘देऊन टाकणे’ ह्या कृतीवर उभी आहे. आधी काहीतरी असावे लागते, ते द्यावे लागते, आणि देण्याची चूक उमगावी लागते. निवृत्ती हा शब्दही तिथे अर्थपूर्ण आहे, कारण निवृत्त होण्यासारखे एक वैभवशाली कर्तृत्व मागे आहे. शेतमजुराच्या वार्धक्याला ही मांडणी लागू पडत नाही. त्याच्याजवळ देऊन टाकण्यासारखे काही नाही, म्हणून त्याला लिअरही होता येत नाही. त्याच्या आयुष्यात निवृत्तीचा दिवसच उगवत नाही; कामे फक्त हलकी होत जातात आणि त्यांच्याबरोबर मजुरीही. तरीही ग्रामीण कथाकारांनी खेड्यातला म्हातारा रंगवताना पुष्कळदा नकळत मध्यमवर्गीय वार्धक्याचाच साचा वापरला. मुलगा शहरात गेला, म्हातारा एकटा पडला, डोळे वाटेकडे लागले. हे सारे खरे असू शकते. पण एवढ्याने त्या माणसाचा दिवस कळत नाही.

तो दिवस कशाने भरलेला असतो, हे आधी पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि पाडव्यालाच संपते. ठरलेली रक्कम, काही धान्य, कुठे धोतर, कुठे घोंगडे, पायतण; त्यातून आधी घेतलेली उचल वजा, पडलेले खाडे वजा. एखाद्या पाडव्याला मालक नेहमीसारखा बोलावणे पाठवत नाही. तोंडाने कोणी काही म्हणत नाही. त्या न आलेल्या बोलावण्यातून माणसाला आपण म्हातारे झाल्याचे कळते. मग नांगर गेला, मोट तर केव्हाच गेली होती, आणि उरली ती राखण. जोंधळ्यात माळ्यावर बसून गोफण फिरवायची, दुसऱ्याच्या शेळ्या वळायच्या, वाखाचे किंवा अंबाडीचे दोर वळायचे, पावसाने फुटलेला बांध घालून द्यायचा. बाईचे वार्धक्य थोडे निराळे असते. खुरपण्याच्या पातीत ती मागे पडू लागते आणि मुकादम तिला अर्ध्या रोजावर आणतो. सुगी उलगडल्यावर रानात राहिलेली कणसे, भुईमुगाच्या मागे राहिलेल्या शेंगा वेचायला ती जाते. ह्या वेचण्याला ‘सरवा’ हा नेमका शब्द मराठीत आहे. तो कष्टाचा शब्द आहे तसाच हक्काचाही आहे, कारण मालकाने सोडून दिलेले उचलण्याची मुभा गावाच्या रिवाजाने गरिबाला दिलेली असते. सरपणासाठी पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. पाणी लांबचे. पीठ गिरणीतून आणायचे तर गिरणीवाल्याचे पैसे, म्हणून आठवड्याचे दळण एकदाच. एकट्या माणसाला स्वतंत्र राहायचे तर ह्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब करावा लागतो, आणि हा हिशेब हाच त्याचा दिवस असतो.

ह्या माणसांच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग सतत येतो : ‘हातपाय चालतात तोवर’. वार्धक्याची इतकी काटेकोर व्याख्या कोणत्याही समाजशास्त्राने केलेली नाही. वय वर्षांत मोजलेले नाही. ते हातापायांत मोजलेले आहे. ज्याच्या जन्माची नोंद कोठे झाली नाही, ज्याचे वय दुष्काळाच्या आणि साथीच्या सालांवरून काढावे लागते, त्याला दुसरे मोजमाप उपलब्धही नसते. ह्या वाक्याचा उत्तरार्ध, म्हणजे हातपाय थांबल्यावर काय, तो उच्चारला जात नाही. मुलांच्या घरी म्हाताऱ्यांची पाळी लागते, महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे, हे त्याने आळीत पाहिलेले असते. वेगळी चूल ही त्या पाळीला दिलेली नकाराची खूण असते. मराठीत ‘चूल वेगळी केली’ असे सुनेविषयी तक्रारीच्या सुरात म्हटले जाते. म्हाताऱ्याने वेगळी केलेली चूल मात्र भाषेने फारशी नोंदवलेली नाही.

मराठवाड्यात ह्या एकटेपणाला एक ऋतूही आहे. बीड जिल्ह्यातल्या गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसे मोजण्याचे हे एककच पुष्कळ काही सांगून जाते. पुढचे पाच-सहा महिने वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली पोरे उरतात. ज्याचा ‘कोयता’ होऊ शकत नाही, तो मागे राहतो. म्हणजे इथे एकटेपण हा नात्यांतला दुरावा नाही. तो साखरेच्या हंगामाचा हिशेब आहे. मुलगा कृतघ्न आहे म्हणून बाप एकटा आहे, ही कथा सांगायला सोपी असते, आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे.

साहित्याकडे वळल्यावर पहिले नाव अर्थातच व्यंकटेश माडगूळकर ह्यांचे घ्यावे लागते. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) ह्या संग्रहाने खेड्यातल्या फाटक्या माणसाला मराठी गद्यात प्रथमच नाव आणि चेहरा दिला, हे सर्वमान्य आहे. ‘धर्मा रामोशी’ हे त्यातले व्यक्तिचित्र प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळचे आहे. म्हातारा धर्मा, त्याचे सरलेले दिवस, घरातले कमालीचे दारिद्र्य आणि बजा ही त्याची मुलगी, एवढाच ऐवज. निवेदकाने दिलेले धोतर धर्मा स्वतः नेसत नाही. ते त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते, आणि तिच्या लज्जारक्षणाचा सगळा प्रश्न निवेदकाला, आणि त्याच्याबरोबर वाचकाला, एका क्षणात कळतो.

ह्या शेवटाची वाखाणणी नेहमी कारुण्यासाठी केली जाते. परंतु त्यात कारुण्याहून अधिक काही आहे, आणि ते सहसा हातून निसटते. धोतर देणाऱ्याने ते म्हाताऱ्यासाठी दिलेले होते. म्हाताऱ्याने ते कोणाला द्यायचे हे स्वतः ठरवले. त्या घरात ठरवण्याजोग्या गोष्टी फारच थोड्या उरलेल्या आहेत. त्यांपैकी एक त्याने ठरवली. देणगीचे रूपांतर त्याने कर्त्या पुरुषाच्या निर्णयात केले. म्हणजे ज्याला वाचक दीन समजत होता, तो आपल्या घराचा अजूनही धनी आहे. माडगूळकरांच्या संयमाचे मोठेपण असे, की त्यांनी ह्यावर भाष्य केले नाही. पण त्याच संयमाची एक मर्यादाही आहे. निवेदक उंबऱ्यावर उभा आहे. त्याला घराचा अंधार दिसतो, त्यातली हालचाल दिसत नाही. धर्माने धोतर घरात नेले, मुलीपुढे ठेवले, तेव्हा तिथे काय बोलणे झाले, बोलणे झाले का, हे वाचकाला कळत नाही आणि कळण्याची सोयही नाही. पाहुण्याला जेवढे दिसते तेवढेच दिसावे, हा व्यक्तिचित्र ह्या वाङ्मयप्रकाराचा स्वभावच आहे.

त्या उंबऱ्यावरून मराठी ग्रामीण साहित्य बराच काळ हलले नाही. माडगूळकरांनंतर व्यक्तिचित्रांचे पीक आले आणि त्यात म्हातारा गडी हा एक ठरीव नमुना होऊन बसला : तोंडाने फटकळ, मनाने प्रेमळ, विडी ओढणारा, जुन्या मालकाच्या आठवणींनी गहिवरणारा. अशा म्हाताऱ्यांना मजुरी किती मिळते हे त्या चित्रांतून सहसा कळत नाही. ते कशावर जगतात ह्यापेक्षा ते कसे बोलतात ह्याचे कौतुक लेखकाला अधिक असते. बोलीचा असा गोडवा कष्टांवर पांघरूण घालतो.

आनंद यादव ह्यांच्या ‘गोतावळा’ने (१९७१) हा उंबरा ओलांडला, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व. नारबा हा गडी स्वतःच्या बोलीत स्वतः बोलतो. कोणी पाहुणा त्याच्याकडे पाहत नाही. तो वृद्ध नाही. तरीही ही कादंबरी वार्धक्याची पूर्वछाया म्हणून वाचता येते. मळ्यावरची जनावरे हाच त्याचा गोतावळा. ट्रॅक्टर येतो आणि तो गोतावळा एकेक करून मोडतो. निकामी ठरलेल्या बैलाचे काय होते हे नारबा पाहत असतो, आणि वाचकाला ते पाहणे जाणवत राहते. नारबाला स्वतःचे घर नाही, हे मात्र विसरता कामा नये. तो मालकाच्या मळ्यावर राहतो. त्याचे जिव्हाळ्याचे जग दुसऱ्याच्या मालकीचे आहे, म्हणूनच ते एका सौद्यात नाहीसे होऊ शकते. स्वतःची चूल असणे म्हणजे काय, हे नारबाच्या नसण्यातून उलट्या बाजूने समजते.

इतर भारतीय भाषांतली दोन उदाहरणे ह्या संदर्भात लक्षणीय ठरतात. प्रेमचंदांची ‘कफन’ १९३५-३६ च्या सुमाराला उर्दू आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाली. तिच्यातला घीसू साठ वर्षांचा आहे आणि त्याने ते साठ वर्षांचे आयुष्य शक्य तेवढे काम टाळून काढले आहे. आत सून प्रसववेदनांनी तडफडते आहे आणि बाहेर बापलेक विझलेल्या विस्तवाजवळ चोरून आणलेले बटाटे खात बसले आहेत. ह्या कथेवर पुष्कळ वाद झाले आहेत, विशेषतः दलित वाचकांच्या आक्षेपांना सहजी बाजूला सारता येत नाही. परंतु प्रेमचंदांनी जो मुद्दा निवेदनातच नोंदवला आहे तो महत्त्वाचा आहे : राबणाऱ्यांची स्थितीही ज्या गावात ह्या दोघांपेक्षा फारशी बरी नाही, तिथे ही वृत्ती निपजावी ह्यात नवल नाही. घीसूचे स्वातंत्र्य हे राबण्याला दिलेल्या नकाराचे स्वातंत्र्य आहे. त्याला झोपडी आहे, विस्तव आहे, पण चूल नाही. चूल म्हणजे उद्याची तजवीज. रात्री राखेखाली निखारा झाकून ठेवणे म्हणजे सकाळ होणार आहे हे गृहीत धरणे. घीसूने ते गृहीत धरणेच सोडून दिले आहे.

‘गोदान’मधल्या (१९३६) होरीला तर वार्धक्य लाभतच नाही. आपण साठीला पोचणार नाही हे तो कादंबरीच्या आरंभीच बोलून दाखवतो, आणि अखेरीस जमीन असूनही मजूर होऊन, रस्त्यासाठी कंकर खणताना उन्हाच्या झळांनी कोसळतो. कित्येक मजुरांच्या बाबतीत म्हातारपण हीसुद्धा एक मिळकतच असते.

दुसरे उदाहरण गुरदयाल सिंग ह्यांच्या ‘मढी दा दीवा’ (१९६४) ह्या पंजाबी कादंबरीचे. जगसीर हा ‘सीरी’ आहे. म्हणजे पिकाच्या वाट्यावर मालकाबरोबर राबणारा गडी. मालकाच्या वडिलांनी जगसीरच्या बापाला तोंडी शब्दावर एक तुकडा कसायला दिलेला आहे, त्या रानात एक टाहलीचे झाड आहे आणि बापाची विटांची मढी आहे. पुढच्या पिढीच्या मालकाला हा शब्द मान्य नाही. झाड तोडले जाते, मढीच्या विटा उखडल्या जातात. शब्द हा कागद नसतो, हे भूमिहीनाला त्याच्या उतारवयात कळते. वर्ड्‌स्वर्थच्या ‘मायकेल’मधला (१८००) म्हातारा मेंढपाळही मुलगा शहरात हरवल्यावर मागे राहतो, पण त्याच्या मागे मेंढवाड्याची अर्धवट भिंत उरते, आणि ती त्याच्या स्वतःच्या जमिनीत उरते. मजुराने आयुष्यभर घातलेले बांध, खोदलेल्या विहिरी, लावलेली झाडे ही सारी दुसऱ्याच्या हद्दीत असतात. त्याच्या कष्टांची खूण जागोजाग आहे, तिच्यावर त्याचे नाव कोठेच नाही. जगसीरचा मोठ्या वयाचा मित्र रौणकी हा ह्या कादंबरीतला एक विलक्षण माणूस आहे. बायको सोडून गेलेली असताना तो आपले घर चालवतो, मित्राच्या दुःखात सोबत करतो, स्वतःची फजिती स्वतःच सांगून हसतो. गुरदयाल सिंगांनी त्याला कीव येण्याजोगा केलेला नाही. मराठी व्यक्तिचित्रांत रौणकीसारखी माणसे भेटतात, पण ती निवेदकाला भेटतात; इथे ती एकमेकांना भेटतात. फरक मोठा आहे.

मराठीत हा फरक पडला तो दलित आत्मकथनांमुळे. उंबऱ्यावरचा पाहुणा गेला आणि घरात वाढलेले मूल बोलू लागले. शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) संतामाय ही आजी आणि तिच्यासोबत राहणारे, स्टँडवर हमाली करणारे महमूद दस्तगीर जमादार हे दादा, ह्यांनी नातवाला वाढवले. जातीने, धर्माने आणि लग्नाच्या रूढीने ज्यांना एका छपराखाली राहण्याची परवानगी दिली नसती, अशी दोन थकलेली माणसे कष्टांच्या बळावर एक घर चालवतात. गाव त्याला घर म्हणत नाही. शेणात न पचता पडलेले जोंधळे संतामाय धुऊन, वाळवून, दळून घेते आणि त्या पिठाची भाकरी स्वतःसाठी ठेवते, मुलाला दुसऱ्या पिठाची देते. हा मजकूर वाचताना वाचक हादरतो आणि बहुधा तिथेच थांबतो. हादऱ्याच्या पलीकडे पाहिले तर तिथे एका म्हाताऱ्या बाईचे घर चालवण्याचे कौशल्य आहे : दोन प्रकारची पिठे, दोन प्रकारच्या भाकऱ्या, आणि कोणती कोणाच्या ताटात जाईल ह्याचा न बोलता घेतलेला निर्णय. धर्मा रामोशाच्या घरात जे अंधारात राहिले होते ते इथे उजेडात येते, कारण सांगणारा त्या चुलीपुढे बसलेला होता.

ऊर्मिला पवार ह्यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई बांबूच्या वस्तू विणते. कोकणातल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटांनी रत्नागिरीचा बाजार गाठतात, तिथून हे आत्मकथन सुरू होते. नवरा गेल्यावर आईने विणकाम सोडले नाही. मुलांची शिक्षणे त्या विणण्यावर झाली. लेखिकेने आपल्या लेखनाचे नाते आईच्या विणण्याशी जोडले आहे, आणि ती उपमा सजावटीसाठी आलेली नाही. आयदानाचे काम घरात बसून करता येते. शेतमजुरीत म्हाताऱ्या शरीराला पातीतून बाहेर काढणारा मुकादम असतो, घरच्या विणकामाला तो नसतो. म्हणून हातात एखादा कसब असलेली म्हातारी शेतमजूर म्हातारीपेक्षा अधिक काळ स्वतंत्र राहू शकते. हे अर्थशास्त्र ‘आयदान’ कुठेही भाषण न करता दाखवते.

असे असले तरी ह्या आत्मकथनांच्या रचनेतच एक पेच आहे, आणि मराठी समीक्षेने त्याला म्हणावे तसे तोंड दिलेले नाही. ही सारी कथने शिक्षणाची आणि निघून जाण्याची कथने आहेत. मूल शाळेत जाते, वसतिगृहात जाते, नोकरीला लागते. त्याच्या मुक्तीची रेषा गावाबाहेर जाते. जी माणसे त्याला बाहेर ढकलतात, उपाशी राहून पाठवतात, ती मागे राहतात, आणि ज्या पानावर निवेदक एसटीत बसतो त्या पानापासून त्यांचे दिवस कथनातून नाहीसे होतात. पुढे ती सुट्टीत दिसतात, आजारपणात दिसतात, मनीऑर्डरीच्या अनुषंगाने दिसतात. दोन भेटींच्या मधले महिने कोरे असतात. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, तेव्हा शिक्षणासाठी बापाशी झगडणाऱ्या मुलाची जिद्द सर्वांच्या नजरेत भरली. पुढच्या ‘घरभिंती’त (१९९२) तोच मुलगा मागे राहिलेल्या घराचे ओझे वाहताना दिसतो, ह्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक ह्या दोन पुस्तकांमधला ताण अधिक मोलाचा आहे. ज्याने घर सोडले त्यालाच ते घर बांधावे लागते, आणि बांधलेल्या घरात राहणारी माणसे त्याला दर खेपेला थोडी अनोळखी झालेली असतात.

म्हणजे सुट्टीवर आलेला मुलगा हळूहळू पाहुणाच होतो. माडगूळकरांचा निवेदक जिथे उभा होता, त्याच उंबऱ्यावर तो येऊन पोचतो. फरक एवढाच, की त्याला आतल्या वस्तूंच्या जागा ठाऊक आहेत. ह्यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याने जायलाच हवे होते. राहिला असता तर आणखी एक सालगडी झाला असता आणि पुस्तक लिहिले गेले नसते. परंतु मुक्तीच्या ह्या कथनाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी ‘मूक नायक बोलू लागला’ असे अभिमानाने म्हटले, आणि ते खरेच आहे. बोलू लागला तो नातू. आजी अजून नातवाच्या तोंडून बोलते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ग्रामीण कादंबरीचे लक्ष शेतीच्या अरिष्टाकडे वळले. सदानंद देशमुख ह्यांच्या ‘बारोमास’सारख्या (२००२) कादंबरीने कोरडवाहू शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलाची कोंडी ज्या ताकदीने मांडली, तिला तोड नाही. पण ह्या अरिष्टाच्या साहित्यात शेताचा धनी इतका व्याकूळ आहे, की त्याच्या बांधावर रोजाने काम करणारा म्हातारा चित्राच्या कडेला सरकला. धन्याचे पीक बुडते तेव्हा त्याचा रोजही बुडतो. पण त्याचे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही, आणि अपवाद सोडता कादंबरीतही येत नाही.

शासनाने मात्र ह्या माणसाला एक नाव दिले आहे. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी महाराष्ट्रात जी निवृत्तिवेतन योजना आहे, तिच्या नावात श्रावणबाळ आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. कावडीत आईबापांना घालून फिरणारा आज्ञाधारक पुत्र, ही प्रतिमा कोणा अधिकाऱ्याला सुचली असेल तेव्हा तिचा उरलेला भाग त्याच्या ध्यानात नसावा : त्या श्रावणाला बाण मारला तो राजानेच. शिवाय ह्या नावाने शासन स्वतःला मुलगा म्हणवून घेते आणि म्हाताऱ्याला पुन्हा एकदा कावडीत बसवते. ज्याची सगळी धडपड कोणाच्या खांद्यावर न बसण्याची आहे, त्याला मिळणारी मदत खांद्याच्याच भाषेत मिळते. ह्याच्या तुलनेत रोजगार हमीची भाषा त्याच्या स्वभावाशी अधिक जुळणारी होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या म्हाताऱ्यांनी काम मागितले, भीक मागितली नाही. पुढे १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला तेव्हा त्या मागणीला हक्काचे रूप मिळाले. त्या खडीच्या ढिगाऱ्यांवर मराठीत कथा आणि कविता बऱ्याच आल्या आहेत, त्यांत म्हातारे हात मात्र शोधावे लागतात.

ह्या माणसांचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर छापील पुस्तकाबाहेर जावे लागते. जात्यावरच्या ओव्या हे ते ठिकाण. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली आहे, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहातून क्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. ओवी ही एकट्या किंवा दुकट्या बाईची, पहाटेच्या अंधारातली, काम करता करता केलेली रचना आहे. तिला श्रोता जातेच. जनाबाईच्या जात्याला विठ्ठल हात लावतो ही कल्पना भक्तीची म्हणून सांगितली जाते. एकट्याने जाते ओढणाऱ्या कोणत्याही बाईला ती आधी खांद्याच्या कळांतून समजते. घरोघरची जाती गिरणीने बंद पाडली. खांदे सुटले, आणि ओवीचा प्रसंगही सुटला. नंतरच्या काळात संग्राहकांसाठी ज्या बायका गायल्या, त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या होत्या आणि जात्याला हात न लावता, आठवणीतून गायल्या.

ह्या ओव्यांचा अभ्यास आजवर नात्यांच्या अंगाने झाला : आई, भाऊ, लेक, सासर. तो योग्यच आहे, कारण ओव्यांचे विषय तेच आहेत. परंतु एकट्या घरात उरलेली म्हातारी जेव्हा भावाची ओवी गाते, तेव्हा त्या ओवीचा अर्थ सासुरवाशिणीने गायलेल्या ओवीसारखा राहत नाही. शब्द तेच असतात, घर बदललेले असते. गाणारीचे घर वाचल्याशिवाय ओवी पुरी वाचली असे म्हणता येत नाही, आणि मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाने गाणारीपेक्षा गाण्याकडे नेहमीच अधिक पाहिले. ‘पारी’च्या नोंदींत निदान गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, जात आहे, वय आहे, तिला मुलगे किती आणि मुली किती हेही आहे. ती मुले आता कोठे राहतात, ह्यासाठी रकाना नाही.